कडी ओढून पाहणारी माणसं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींच्या हाताखाली मी सात वर्षं शिकवलं. तुमच्यापैकी कित्येकांनी त्यांच्याकडून व्याकरण शिकलं. मी त्यांच्याकडून एक वेगळीच गोष्ट शिकलो. शाळा सुटली, शिपायाने वर्ग बंद केले, की गुरुजी काखेत छत्री मारून व्हरांड्यातून एक फेरी घालायचे आणि प्रत्येक वर्गाची कडी ओढून बघायचे. बावीस वर्ग होते. रोज बावीस कड्या. मी नवा होतो, घरी जायची घाई असायची. एकदा न राहवून म्हणालो, "गुरुजी, शिपायाने लावली असेल की." ते थांबले नाहीत. पुढच्या दाराची कडी ओढत म्हणाले, "असेल म्हणजे बघितलेलं नाही."

हे वाक्य आज मला तुमच्यासमोर परत परत आणावं लागणार आहे.

आजचा विषय आहे सामूहिक गोळीबार, घरातली बंदूक, आणि संकटाच्या वेळी एकट्या माणसावर येऊन पडणारी जबाबदारी. वाचनालयाच्या विश्वस्तांना मी विषय कळवला तेव्हा फोनवर थोडी शांतता पसरली. मग एकांनी विचारलं, "सर, हा अमेरिकेचा विषय, आपल्याकडे कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण मी आता तुम्हाला विचारतो, या सभागृहात ज्यांची मुलं, नातवंडं अमेरिकेत आहेत अशी किती माणसं आहेत? हात वर करायची गरज नाही, मला इथून चेहरे दिसताहेत. माझाही मुलगा टेक्सासमध्ये असतो.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी त्याच्याकडे गेलो तेव्हा नातीसाठी इथून बूट नेले होते. टाच टेकली की लाल-निळे दिवे लागतात ना, ते. नात सहा वर्षांची. घालून घरभर नाचली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मात्र तिने ते काढून ठेवले आणि जुने घातले. मी विचारलं, "का गं, आवडले नाहीत?" तर ती अगदी समजूतदारपणे मला सांगायला लागली. शाळेत सराव असतो. बाई दिवे घालवतात, दार लावतात, सगळ्यांनी कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसायचं, बोलायचं नाही, रडायचं नाही. "आजोबा, या बुटांचे दिवे लागले तर बाहेरच्या वाईट माणसाला दिसेल ना आम्ही कुठे आहोत ते."

मी ३४ वर्षं शाळेत काढली. आगीचा सराव घेतला, भूकंपाचा घेतला. सहा वर्षांच्या मुलीने बूट निवडताना हा विचार करावा, याला काय म्हणायचं ते मला अजून समजलेलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि हे व्याख्यान तिथून सुरू झालं.

पुढे जाण्याआधी एक सांगतो. आज मी एकाही मारेकऱ्याचं नाव घेणार नाही. २०१९मध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली, तेव्हा न्यूझीलंडच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी संसदेत उभं राहून सांगितलं होतं की त्या माणसाचं नाव आपण उच्चारणार नाही. मला ते पटलं.

आता अमेरिका थोडी बाजूला ठेवून तुम्हाला माझ्या गावी नेतो. सावंतवाडीच्या पुढे आमचं गाव. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. कोकणातल्यांना हे नवं नाही. रानडुकरं एका रात्रीत भाताची नासाडी करतात, वानर नारळ ठेवत नाहीत. या बंदुकीत नळीतून दारू भरायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचं, आणि घोड्याखाली केप बसवली की बार तयार. भात पिकायला आलं की आजोबा बंदूक भरून माजघराच्या दाराआड उभी करून ठेवत, आणि केपा मात्र स्वतःच्या चंचीत. एवढी काळजी पुरे, असं त्यांना वाटे.

मी दहा वर्षांचा होतो, चुलतभाऊ नऊचा. दुपारी घर झोपलेलं. आम्ही चोर-पोलिस खेळत होतो, चोर तो. मी दाराआडची बंदूक उचलली. जड होती. उंबरठ्यावर टेकवली, दोन्ही अंगठ्यांनी घोडा मागे ओढला, त्याच्या छातीवर नेम धरला आणि चाप ओढला.

खट्.

एवढाच आवाज. भाऊ हसत होता. मीही हसत होतो. मान वळवली तर मागे आजोबा उभे. ते काहीच बोलले नाहीत. माझ्या हातातून बंदूक घेतली, अंगणात गेले, चंचीतून केप काढून बसवली आणि समोरच्या जांभ्याच्या गडग्यावर बार काढला. साऱ्या वाडीतले कावळे उठले. दगडावर पांढरे ओरखडे उमटलेले मी जवळ जाऊन पाहिले. बोटाने मोजायला लागलो, आणि मग माझे हात थरथरायला लागले.

आजी धावत आली, मला बडवायला लागली. आजोबांनी तिचा हात धरला. म्हणाले, "त्याला नको मारू. परवाना माझ्या नावावर आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराकडून फणसाच्या लाकडाची लांब पेटी करून घेतली. पेटीला कुलूप, किल्ली त्यांच्या कडदोऱ्याला. मरेपर्यंत ती किल्ली तिथून हलली नाही. माझ्या भावाच्या आणि मरणाच्या मध्ये एक केप होती. वाटाण्यापेक्षा लहान, तांब्याची एक टोपी. तो भाऊ आज या सभागृहात बसला आहे, म्हणून त्याच्याकडे न बघता मी बोलतो आहे.

आता मिशिगन. ऑक्सफर्ड नावाचं गाव, तिथलं ऑक्सफर्ड हायस्कूल. २०२१च्या नोव्हेंबरात एका बापाने पंधरा वर्षांच्या मुलाला बरोबर नेऊन ९ मिलिमीटरचं पिस्तूल विकत घेतलं. दुसऱ्या दिवशी आई त्याला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेली. सोमवारी, २९ तारखेला, वर्गात तो फोनवर काडतुसं शोधताना शिक्षिकेला दिसला. शाळेने आईला कळवलं. आईने मुलाला निरोप धाडला तो थट्टेचा, की रागावले नाही रे, पकडला जाऊ नकोस म्हणजे झालं. मंगळवारी सकाळी गणिताच्या कागदावर त्याने पिस्तुलाचं चित्र काढलं, रक्ताळलेल्या माणसाचं काढलं, आणि डोक्यातले विचार थांबत नाहीत, मला मदत करा, असं लिहिलं.

शिक्षक म्हणून मी या जागी पुन्हा पुन्हा थांबतो. मुलाने स्वतःच्या हाताने मदत करा असं लिहून दिलं होतं. आणखी काय लिहायचं त्याने?

शाळेने आईवडिलांना बोलावलं. समुपदेशकाच्या खोलीत ते मुलाबरोबर बसले. दोन दिवसांत त्याला मानसोपचारासाठी न्या, असं सांगण्यात आलं. आज घरी घेऊन जा म्हटल्यावर आईवडील म्हणाले, आम्हाला कामावर जायचं आहे. ते गेले. घरात नवं पिस्तूल आहे, हे त्या खोलीत दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. मुलाचं दप्तर शाळेतल्या मोठ्या माणसांच्या हातातून त्याच्याकडे परत गेलं, कुणी उघडून पाहिलं नाही. पिस्तूल दप्तरात होतं. दुपारी चार मुलं मारली गेली.

किती माणसं होती त्या साखळीत? बाप, आई, समुपदेशक, दप्तर परत देणारे. यांतला कुणी दुष्ट होता असं मला वाटत नाही. प्रत्येकाच्या मनात "असेल" होतं. पिस्तूल घरीच असेल. शाळा बघत असेल. आईबाप रात्री बोलतील, काहीतरी करतील.

२०२४मध्ये त्या आईवर आणि बापावर वेगवेगळे खटले चालले, आणि दोघांनाही हेतू नसताना घडलेल्या मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आलं. प्रत्येकी किमान दहा आणि कमाल पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाने केलेल्या सामूहिक गोळीबारासाठी आईबापांना असं दोषी धरण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ. सरकारी वकील कॅरेन मॅकडोनाल्ड यांनी ज्युरीपुढे एक साधी कृती करून दाखवली. वायरीचं एक कुलूप असतं, पिस्तुलातून ओवून लावायचं. ते त्यांनी सर्वांसमोर लावून दाखवलं. काही सेकंद लागले.

मी ती बातमी वाचली आणि आजोबांची फणसाची पेटी आठवली. परवाना माझ्या नावावर आहे, हे त्यांनी अपघात होण्याआधी म्हटलं. मिशिगनच्या न्यायालयाला तेच चार मुलं गेल्यावर म्हणावं लागलं.

यावर अमेरिकेत एक उत्तर नेहमी दिलं जातं, आणि ते आपण नीट ऐकून घेतलं पाहिजे. टाळ्यांसाठी ते उडवून लावणं बरं नव्हे. उत्तर असं की वाईट माणसाच्या हातात बंदूक असेल तर त्याला थांबवायला चांगल्या माणसाच्या हातात बंदूक हवी. २०१२च्या डिसेंबरात कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० चिमुरडी आणि सहा मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर आठवडाभरात तिथल्या बंदूकधारकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेच्या प्रमुखांनी हे जाहीरपणे मांडलं. तिथे बंदूक बाळगण्याचा हक्क १७९१पासून राज्यघटनेत आहे. आपल्या पणज्यापासून चालत आलेली चीज म्हणून लोक ती सांभाळतात, शिकारीला जातात. ज्याचं घर वस्तीपासून दूर आहे आणि पोलिस यायला तास लागतो, त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. माझे आजोबा तरी दुसरं काय करत होते?

आणि कधीकधी ते उत्तर खरंही ठरतं. जुलै २०२२मध्ये इंडियानातल्या ग्रीनवूडच्या एका मॉलमध्ये बावीस वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या पिस्तुलाने मारेकऱ्याला काही सेकंदांत पाडलं. तोवर तिघे गेले होते. तो नसता तर किती गेले असते, याची कल्पनाही नको. पण त्याच्या एक वर्ष आधीची कोलोरॅडोतल्या आर्वाडाची गोष्ट ऐका. तिथेही एका धाडसी माणसाने मारेकऱ्याला गोळी घातली, आणि त्याची रायफल उचलून हातात घेतली. तेवढ्यात पोलिस आले. त्यांना दिसला हातात रायफल असलेला एक माणूस. त्यांनी त्यालाच मारलं. चांगला कोण आणि वाईट कोण, हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

पण या उत्तराची सगळ्यात कठोर परीक्षा टेक्सासमध्येच झाली. माझ्या मुलाच्या राज्यात. युवाल्डी हे छोटं गाव, बहुतेक वस्ती मेक्सिकन वंशाची, रॉब एलिमेंटरी नावाची शाळा. २४ मे २०२२. मारेकरी नुकता अठरा वर्षांचा झाला होता, आणि वाढदिवस झाल्या झाल्या त्याने दुकानातून रीतसर दोन रायफली घेतल्या होत्या. ११ वाजून ३३ मिनिटांनी तो शाळेत शिरला. अवघ्या तीन मिनिटांत पहिले पोलिस आत पोहोचले. तीन मिनिटं! आपल्याकडे असं झालं तर आपण पाठ थोपटू. पुढे चांगली माणसं येतच राहिली. गावचे पोलिस, शाळेचे पोलिस, राज्याचे पोलिस, सीमेवरचं गस्ती दल. सगळे मिळून ३७६. हातात बंदुका, अंगात चिलखतं, ढाली. आणि वर्गाचं दार उघडून आत जायला किती वेळ लागला? ७७ मिनिटं.

या ७७ मिनिटांत काय चाललं होतं? ११२ क्रमांकाच्या खोलीतून मुलं ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करत होती. कुजबुजत. पोलिस पाठवा म्हणून. पोलिस दाराच्या पलीकडेच होते. शाळेबाहेर आईबाप ओरडत होते, आत जा, आम्हाला तरी जाऊ द्या, आणि त्यांना अडवलं जात होतं. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या.

१९९९च्या कोलंबाइन हत्याकांडानंतर तिथल्या पोलिसांचं शिक्षणच बदललं होतं. खास पथकाची वाट बघायची नाही, जो पहिला पोहोचेल त्याने आत शिरायचं, हे त्यांना शिकवलेलं असतं. तरी ३७६ माणसं थांबली, कारण प्रत्येकाला वाटत होतं की प्रमुख दुसरा कुणीतरी असेल. आणि ते किल्ल्या शोधत होते. दार कुलूपबंद असेल म्हणून. टेक्सासच्या विधिमंडळाच्या समितीने नंतर चौकशी केली. त्या अहवालात असं आहे की १११ क्रमांकाच्या खोलीचं कुलूप बिघडलेलं होतं हे शाळेत माहीत होतं, दुरुस्तीचा साधा कागद कुणी पुढे सरकवला नव्हता, आणि त्या दिवशी ते दार बहुधा बंदच नव्हतं. मूठ फिरवून कुणी पाहिली नाही.

मूठ फिरवून कुणी पाहिली नाही! गुरुजी, तुमच्या बावीस कड्या मला हे वाचताना आठवल्या.

आता मला तुमच्यापुढे दुसऱ्या प्रकारची माणसं आणायची आहेत. रात्र आपली आहे, २६ नोव्हेंबर २००८. छत्रपती शिवाजी टर्मिनस. दोन अतिरेकी एके ४७ घेऊन बाहेरगावच्या गाड्यांच्या दालनात गोळ्या झाडत सुटले होते. लोकलच्या बाजूला वर, काचेच्या खोलीत, विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक होते. आयुष्यभर काय सांगितलं असेल त्यांनी? कल्याणला जाणारी धीमी लोकल अमुक फलाटावर येत आहे. त्या रात्री त्यांनी तोच माईक हातात घेतला आणि लोकलमधून उतरणाऱ्या लोकांना मागच्या बाजूने, फलाट एककडून बाहेर पडायला सांगितलं. पुन्हा पुन्हा, हिंदीत, मराठीत. आवाज कुठून येतो हे अतिरेक्यांना कळलं, काचेवर गोळ्या आल्या, तरी ते सांगतच राहिले. त्या स्थानकात ५८ माणसं मेली. त्या आवाजाने किती वाचली, याची मोजदाद नाही.

तिथून ते दोघे कामा रुग्णालयात शिरले. प्रसूतिपूर्व कक्षात अंजली कुलथे या परिचारिका ड्यूटीवर होत्या. कक्षात वीस गरोदर बायका. अंजलीताईंनी आधी काय केलं? दारं लावली. मग दिवे घालवले आणि त्या वीसही बायकांना कक्षाच्या टोकाला असलेल्या छोट्या पँट्रीत नेऊन बसवलं. त्यांतल्या एकीला, रक्तदाब असलेल्या बाईला, तेवढ्यात कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने, जिन्याने, प्रसूतिगृहापर्यंत पोहोचवलं. बाहेर हातबाँब फुटत होते, आणि आत एक मूल जन्माला आलं.

दिवे घालवा, दार लावा, भिंतीला चिकटून बसा, आवाज करू नका. माझी नात जे सहाव्या वर्षी शिकली, ते अंजलीताईंना कुणी शिकवलं नव्हतं. तरी त्यांना सुचलं, कारण तो कक्ष त्यांचा होता. त्या दाराच्या कड्या त्यांनी स्वतः लावल्या.

आणि गिरगाव चौपाटी. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, साताऱ्याकडच्या केडंब्याचे, आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसांत. हातात लाठी. नाकाबंदीत गाडी अडली आणि ओंबळेंनी दोन्ही हातांनी रायफलीची नळी पकडली. सोडली नाही. सगळ्या गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, म्हणून सहकारी वाचले आणि एक अतिरेकी जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. २०२५च्या डिसेंबरातल्या बातम्या तुमच्या लक्षात असतील. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यूंच्या सणाला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, १५ जण गेले, आणि अहमद अल अहमद हा दुकान चालवणारा माणूस उभ्या गाड्यांआडून दबकत गेला आणि त्याने मागून झडप घालून एका हल्लेखोराची बंदूक हिसकावली. ते चित्रण पाहताना मला चौपाटी दिसत होती.

व्हर्जिनियाचं एक दार अजून सांगायचं राहिलं. १६ एप्रिल २००७, व्हर्जिनिया टेक विद्यापीठ, नॉरिस हॉल. प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू, वय ७६, मूळ रुमानियाचे ज्यू, लहानपणी नाझींच्या छळातून वाचलेले. बाहेर गोळ्यांचा आवाज येताच त्यांनी विद्यार्थ्यांना खिडकीतून उड्या मारायला सांगितल्या आणि स्वतः वर्गाचं दार अंगाने रेटून धरलं. बहुतेक मुलं वाचली. ते गेले. त्या दिवशी ३२ जण मारले गेले, त्यांत जलविज्ञान शिकवणारे तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते, आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती.

या माणसांच्या गोष्टी सांगताना ऊर भरून येतो. तुमचाही आला असेल. पण इथे मला तुम्हाला थोडा त्रास द्यायचा आहे. लिब्रेस्कूंना दार अंगाने का धरावं लागलं? त्या वर्गांना आतून कुलूपच नव्हतं. आणि मारेकरी पिस्तुलं घेऊन तिथवर पोहोचला कसा? न्यायालयाने सोळा महिने आधीच त्याच्या जिवाला त्याच्यापासूनच धोका असल्याचं म्हटलं होतं, पण ती नोंद पार्श्वभूमी तपासायच्या यादीत पोहोचली नव्हती. दुकानदाराने तपासलं, यादीत नाव नव्हतं, पिस्तूल दिलं. ओंबळे लाठीनिशी भिडले, हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. पण समोर एके ४७ असताना ओंबळेंच्या हातात लाठीच होती, याचं आपण काय केलं? प्रत्येक वेळी असंच दिसतं. दहा जणांनी आपलं कुलूप लावलेलं नसतं, आणि मग अकराव्याला दाराशी छातीचा कोट करून उभं राहावं लागतं. आपण त्या अकराव्याचा पुतळा उभारतो. त्या दहांची नावंही विचारत नाही.

सामूहिक गोळीबार हा बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंचा अगदी छोटा भाग आहे, हेही लक्षात घ्या. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं आत्महत्या करणारी असतात. घरातलं कपाट उघडतं, कुलूप नसतं, आणि वाईट दहा मिनिटं निभावून न्यायला कुणी जवळ नसतं. २०२०पासून तिथे १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक हे आहे. मोटार अपघातांनाही तिने मागे टाकलं.

मग कायद्याने काय होतं? होतं. ऑस्ट्रेलियात १९९६च्या एप्रिलमध्ये टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला ३५ जण मारले गेले. जॉन हॉवर्ड नुकते पंतप्रधान झाले होते, पक्ष उजवा, मतदार शेतकरी आणि शिकारी. बारा दिवसांत सगळ्या राज्यांना एका टेबलावर बसवून त्यांनी करार घडवला. साडेसहा लाखांवर बंदुका सरकारने विकत घेऊन वितळवल्या. बंदूक हवी तर सबळ कारण सांगायचं, आणि स्वसंरक्षण हे कारण चालणार नाही. घरी कुलपातच ठेवायची. त्यानंतर तिथे असे प्रकार फार विरळ झाले. बाँडाय झालं, तेही परवान्याच्या बंदुकांनी झालं, आणि तिथे पुन्हा चर्चा सुरू झाली. एकदा कुलूप लावलं की संपलं, असं नसतं. रोज ओढून बघावं लागतं.

आणि आपण? आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे, कडक आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा. आजोबा घोंगडीत गुंडाळून नेऊन द्यायचे, पावती जपून ठेवायचे. पण २०२४च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, निरीक्षकाच्या खोलीत, एका आमदाराने गोळ्या झाडल्याचं अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. त्यानंतर आठवडाभरात दहिसरला समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना एका माजी नगरसेवकाला मारलं गेलं, आणि पिस्तूल अंगरक्षकाच्या परवान्यावरचं निघालं. त्या वर्षाच्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या हजारावर परवान्यांची चर्चा झाली. कमरेला पिस्तूल लावून फोटो काढणारी पोरं तुम्हीही बघितली असतील, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारी बघितली असतील. त्यांच्या आजोबांनी गडग्यावर बार काढून त्यांना ओरखडे दाखवले नाहीत, एवढंच मला वाटतं.

माझ्या नातीची गोष्ट अर्धी राहिली आहे.

त्या न झोपलेल्या रात्रीनंतर सकाळी मी मुलाला विचारलं, "ही ज्या मैत्रिणीकडे खेळायला जाते, त्यांच्या घरी बंदूक आहे का?" तो म्हणाला, "असेल बाबा, टेक्सास आहे." मी म्हटलं, "कुलपात आहे का?" तो म्हणाला, "असेल ना." आणि मग तो गप्प झाला, कारण गुरुजींची गोष्ट त्याने माझ्याकडून शंभरदा ऐकली आहे. तिकडचे बालरोगतज्ज्ञ आईबापांना सांगतात की मूल खेळायला पाठवण्याआधी हे विचारा, जसं शेंगदाण्याची अॅलर्जी सांगता, तसंच. तरी विचारायला जीभ रेटत नाही. शेजाऱ्याला काय वाटेल? आपण परके. त्याचा अपमान होईल का?

शेवटी सूनबाईने विचारलं. त्या संध्याकाळी ती आणि मी दोघं शेजारी, त्या मैत्रिणीच्या घरी गेलो. शेजारी उंच, दाढीवाला, ट्रक चालवणारा माणूस. सुनेने अडखळत विचारलं. तो क्षणभर आमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, या. गॅरेजमध्ये नेलं. माणसाएवढी लोखंडी तिजोरी होती. त्याने मूठ धरून दार दोनदा, चांगलं जोर लावून ओढून दाखवलं. बंद होतं. म्हणाला, इतकी वर्षं इथे राहतो, हे विचारणारे तुम्ही पहिलेच. आणि मग त्याने आपल्या मुलीची शपथ घ्यावी तसा आवाज लावून विचारलं, तुमच्याकडे आहे का? सुनेने नाही सांगितलं. त्याने मान डोलावली, आणि बाहेर येऊन दोन्ही मुलींना हाक मारली.

त्या दोघी अंधार पडेपर्यंत आमच्या अंगणात पळत होत्या. नातीच्या पायात ते दिव्यांचे बूट होते. घरात घालायचे म्हणून ठेवलेले. मी पायरीवर बसून लाल-निळे ठिपके इकडून तिकडे जाताना बघत होतो. यंदा सुट्टीत ती आली तेव्हा बरोबर घेऊन आली होती ते. लहान झाले म्हणाली, आजोबा, मोठे आणा.